साच्यातलं हसू

साचेकाकांच्या घरी पहिल्यांदाच आलेल्या माणसाची मोठी पंचाईत व्हायची. तुम्ही सोफ्यावर टेकलात, पाठ मागे टाकलीत, चहा येतोय म्हणून जरा सैल झालात, की काका उठून तुमच्या मागे यायचे आणि तुमची कंबर आणि सोफा यांच्यामध्ये सपाट हात घालायचे. डॉक्टर नाडी बघतात त्या चेहऱ्याने. मग हात काढून घेऊन "तीन बोटं" एवढंच म्हणायचे आणि जागेवर जाऊन बसायचे. पाहुण्याचा चेहरा पडायचा. आपल्याला काहीतरी झालंय आणि ते आपल्यालाच सांगायचं राहिलंय, असं त्याला वाटायचं. आतून काकूंचा आवाज यायचा, "घाबरू नका हो, माझी चार निघाली होती. तरी चहा मीच करतेय."

काका आमच्या समोरच्या दारात राहतात. नात्याचे कोणी नव्हेत. एकाच जिन्याने वर्षानुवर्षं वर-खाली करणाऱ्या माणसांत जे नातं होतं तेवढंच आमचं, आणि ते रक्ताच्या नात्यापेक्षा सोयीचं असतं, कारण भांडण झालं तर दार लावून घेता येतं. त्यांचं खरं आडनाव पाटीवर आहे. पण कामाच्या ठिकाणी सगळे त्यांना साचेकाका म्हणत, आणि ते नाव त्यांच्या मागोमाग जिना चढून वर आलं.

अंतराळवीरांच्या पाठीचे साचे काढणं हे त्यांचं काम. त्याआधी ते इस्पितळात हाडांच्या विभागात प्लास्टर घालायचे. मग प्रशिक्षण केंद्राची जाहिरात आली. तिच्यात 'प्लास्टरकामाचा अनुभव' एवढंच लिहिलेलं होतं, त्यामुळे काकांच्या आधी मुलाखतीला गवंडीच गवंडी येऊन गेले होते. काका आत गेले तेव्हा साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, "तुम्ही माणसांना लावता की भिंतींना?" काका म्हणाले, माणसांना. तिथेच त्यांची नेमणूक झाली.

पाठीचा साचा कशाला लागतो, हे मला त्यांनी जिन्यात उभं राहून समजावलं होतं. यान वर जातं तेव्हा सगळं जग माना वर करून बघतं. खाली येताना बघायला फारसं कोणी नसतं. खाली येताना आधी बाहेर आगीचा लोळ असतो, मग छत्री उघडते, आणि जमीन अगदी जवळ आली की यानाच्या बुडाशी असलेली छोटी रॉकेटं क्षणभर पेटून वेग मोडतात. ती पेटली तर जिन्याची शेवटची पायरी चुकल्यासारखा धक्का बसतो. "आणि नाही पेटली तर?" मी विचारलं. काका म्हणाले, "तर अख्खा जिनाच चुकल्यासारखा."

तिथे कामाला येते ती खुर्ची. खुर्ची म्हणजे जवळजवळ पाळणाच. गुडघे पोटाशी घेऊन त्यात उताणं पडायचं. वर महिनोन्महिने राहून हाडं हलकी झालेली असतात, पाठीचा कणा ताणून लांबलेला असतो, म्हणून डोक्याच्या वर मुद्दाम जागा सोडतात. बाकी सगळीकडे मात्र अंगाला खुर्ची अशी चिकटून हवी की मधून कागदही जाऊ नये. "पाठ आणि खुर्चीच्या मध्ये जिथे हवा राहिली," काका सांगायचे, "तिथे हाड एकटं पडतं."

म्हणून प्रत्येकाचा साचा वेगळा. पातळ सुती कपड्यांत माणसाला टबमध्ये निजवायचं, खालून कोमट प्लास्टर भरायचं आणि ते घट्ट होईपर्यंत थांबायचं. यात खरी कला प्लास्टरची नाही, हे काकांना पहिल्या वर्षीच कळलं. कला आहे समोरच्याला सैल पाडण्याची. ताठरलेल्या पाठीचा साचा काढला तर तो ताठरलेल्या पाठीचाच निघतो, आणि माणूस काही आयुष्यभर ताठरलेला राहत नाही. तेव्हा काका विनोद सांगायचे. भयंकर विनोद. मी त्यांतले बरेच ऐकलेत आणि त्यांबद्दल त्यांना माफही केलंय. पण टबमधल्या माणसाला पळून जाता येत नाही, त्यामुळे तो शेवटी हसायचा आणि सैल पडायचा. मग काका बोटाने 'गप्प' अशी खूण करायचे आणि प्लास्टर सोडायचे. आधी हवं तेवढं हसा, प्लास्टर सोडलं की चिडीचूप, हा त्या खोलीचा नियम. घट्ट होईस्तोवर कोणी शिंकायचंही नाही.

अंतराळवीर म्हणजे छाती पुढे काढलेली, जबडा घट्ट मिटलेली माणसं, असं आपल्याला चित्रांवरून वाटतं. काकांनी ती मागच्या बाजूने पाहिली. एक ज्येष्ठ कप्तान टबमध्ये पडल्या पडल्या घोरायला लागायचे. एक जण डोळे मिटून मुलीचे पाढे म्हणायचा, परीक्षा मुलीची होती. ही माणसं वर्गात बसून आधी कोण कसं गेलं ते चित्रांसकट शिकलेली असतात. हवा कुठून गळते, सांधा कुठे उकलतो, वाळूच्या कणाएवढा दगड काय करू शकतो, हे सगळं वहीत उतरवून घेतात आणि मग जेवणाची सुट्टी कधी म्हणून विचारतात. काकांना त्याचं फार नवल वाटायचं. मी एकदा म्हटलं, त्यांना भीती वाटत नसेल. काका माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत म्हणाले, "अरे, पाठीला हात लावून बघितल्यावर काय लपतंय माझ्यापासून?"

आणि मग ती आली.

तिच्या तुकडीत ती सगळ्यांत लहानखुरी, म्हणून काकांनी तिचं नाव ठेवलं बारकी. ती मोठमोठी विमानं चालवून आली होती, दोन भाषांत भांडू शकायची, आणि काकांच्या विनोदांना तोंडावर "हा जुना झाला" म्हणायची. काका तिच्यावर बेहद्द खूश. घरी येऊन काकूंना सांगायचे, आज बारकीने माझा अपमान केला. काकूही मग तिच्यावर खूश झाल्या.

पण टबमध्ये पडली की तिची पाठ फळीसारखी व्हायची. पहिला साचा काकांनी फोडला. दुसराही फोडला. तिसऱ्या वेळी प्लास्टर सोडायच्या आधी तिने छताकडे बघत सांगितलं, "काका, मला वर जायची भीती नाही वाटत. खाली यायची वाटते." आतापर्यंत हे कोणी बोललं नव्हतं. बाकीच्यांच्या पाठी बोलायच्या, तोंडं नाही. काकांच्या मते त्या खोलीत आलेल्यांत तीच सगळ्यांत धीट होती, कारण ती भीती सोबत घेऊन आली होती आणि तरीही गुडघे पोटाशी घेऊन पडली होती.

काकांनी प्लास्टर सोडलं. ते चढू लागलं, घट्ट होऊ लागलं, आणि हाताखाली काकांना कळलं की पाठ पुन्हा आवळतेय. हाही साचा फुकट जाणार. चौथ्यांदा साचा काढायचा म्हणजे तसा शेरा मारावा लागणार, 'पाठ सैल पडत नाही', आणि उड्डाण जवळ आलेलं. राखीव म्हणून दुसरी एक जण तयारच होती. काकांनी स्वतः घातलेला नियम स्वतः मोडला. प्लास्टर घट्ट होत असताना तोंड उघडलं.

गोष्ट त्यांची नेहमीची होती. इस्पितळात असताना त्यांनी एका माणसाच्या भलत्याच पायाला प्लास्टर घातलं. पूर्ण घालून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. त्या माणसाला विचारलं, अहो, तुम्ही बोलला का नाहीत? तर तो म्हणाला, "मला वाटलं, मोडलेल्याला आधार म्हणून तुम्ही आधी चांगला पाय बळकट करून घेताय." काकू म्हणतात की ही गोष्ट खरी असणं शक्य नाही, कारण यांच्या सांगण्यात पाय दर वेळी बदलतो.

बारकी हसली. आधी नाकातून, मग पोटातून. पाठ सैल पडली, एकदम लोण्यासारखी, आणि त्याच वेळी कंबरेपाशी थोडी खाली दाबली गेली. पोटातून हसताना तेवढी दाबली जातेच. प्लास्टरने तेवढ्यात तीच जागा धरली.

साचा बाकी सगळीकडे सुंदर निघाला. खांदे, मान, मांड्या, काही तासायलाही नको. फक्त कंबरेखाली काकांचं बोट पहिल्या पेरापर्यंत आत गेलं. त्यांनी बोट काढलं, पुन्हा घातलं. बारकीने विचारलं, "बसलंय ना छान?" काका म्हणाले, "तपासणीत कळेल."

तपासणीला एक गंभीर गृहस्थ येत. ते पातळ पट्टी पाठीखाली सगळीकडे सरकवून बघत. काका भिंतीशी उभे होते. कंबरेपाशी पट्टी आली आणि अडली. आत गेलीच नाही. गृहस्थांनी सही केली. काकांनी श्वास सोडला आणि मनाशी म्हटलं, आपलंच बोट बारीक असेल. काका मला हे सांगत होते तेव्हा त्यांनी ते बोट माझ्यासमोर धरलं होतं. चांगलं जाडजूड बोट आहे.

उड्डाण झालं. बारकी वर राहिली, काम केलं, एकदा टीव्हीवर उलटी तरंगत सगळ्यांना हात करताना दिसली. काकूंनी तिला डोळे भरून पाहिलं आणि केस विंचरायला हवेत म्हणाल्या. मग परत यायचा दिवस आला. आग झाली, छत्री उघडली, आणि शेवटच्या क्षणी खालची रॉकेटं पेटली नाहीत.

तिघंही जिवंत बाहेर आली. दोघांना ठणका लागला तो काही दिवसांत गेला. बारकीच्या कंबरेतला मणका तडकला होता.

चौकशी बसली. दोष रॉकेटांचा निघाला, आणि तो होताच. खुर्च्या कागदोपत्री निर्दोष होत्या. काकांना कोणी बोलावलंही नाही. उलट सगळे म्हणत होते की काका, तुमच्या खुर्च्यांमुळे पोरं वाचली. एका समारंभात त्यांच्या गळ्यात हारही घातला. तो हार त्यांनी घरी आणला नाही, कुठे ठेवला विचारलं तर बसमध्ये राहिला म्हणाले. आम्हाला काही कळलं नाही. काकूंना मात्र खूण पटली, कारण त्याच आठवड्यात त्यांचे भाऊ आले, सोफ्यावर पाय पसरून बसले, आणि काका त्यांच्या मागे गेलेच नाहीत. काकूंनी काकांना आत बोलावून विचारलं, काय झालंय. काकांनी सगळं सांगितलं.

काकू बोलण्यात कधी माघार घेत नाहीत. त्या दिवशी त्यांनी फक्त एवढंच विचारलं की पुढच्या तुकडीच्या खुर्च्या कोणी तपासल्या. काका म्हणाले, त्याच गृहस्थांनी. तीच पट्टी.

म्हणजे गप्प बसणं ही आता फक्त काकांची आणि त्यांच्या झोपेची गोष्ट राहिली नव्हती. त्या पट्टीला पोकळी सापडली नव्हती, आणि त्याच पट्टीवर भरवसा ठेवून आणखी तिघं वर जायच्या तयारीत होती. काका हे साहेबांना सांगणारच होते. फक्त आधी ते बारकीला सांगायचं होतं.

इस्पितळात ती कडक फळीवर उताणी पडलेली. काका जाऊन स्टुलावर बसत, तिला संत्रं सोलून देत आणि परत येत. असं बऱ्याचदा झालं. शेवटी तीच म्हणाली की काका, तुमचा एक जुना विनोद सांगा, नाहीतर मला वाटेल की डॉक्टरांनी तुम्हाला काहीतरी वेगळं सांगितलंय. तेव्हा काकांना राहवलं नाही. हातातलं संत्रं तसंच धरून ते म्हणाले, "बारके, तुझ्या कंबरेखाली पोकळी होती. मला माहीत होतं. मी साचा फोडला नाही."

तिने नजर छताकडे वळवली. काकांना वाटलं, आता ही जा म्हणेल. त्यांना तेच हवंही होतं.

"मलाही माहीत होतं," ती म्हणाली.

तपासणीच्या वेळी पट्टी कंबरेपाशी आली तेव्हा तिने श्वास सोडून पाठ खाली दाबून धरली होती. म्हणून पट्टी अडली. चौथा साचा काढावा लागला असता तर तिची जागा राखीव बाईला गेली असती, आणि या एका जागेसाठी तिने निम्मं आयुष्य घालवलं होतं. उड्डाणाआधी सरावाला यानात पडून राहिल्यावर तिचा हात आपोआप त्या पोकळीकडे जायचा, हातमोज्याच्या बोटांनी ती चाचपायची आणि स्वतःला सांगायची की रॉकेटं पेटतीलच. ती नेहमीच पेटतात.

मग काकांनी पुढच्या तुकडीचं सांगितलं. तिला पूर्ण सांगावं लागलंही नाही, अर्ध्या वाक्यातच तिच्या लक्षात आलं. डॉक्टर म्हणत होते की मणका सुरेख जुळतोय, वर्षभरात ती पुन्हा उडू शकेल. हे तिने काकांना अगदी साध्या आवाजात सांगितलं, हवापाण्याचं बोलावं तसं. आणि दोष लपवून यानात बसलेल्या माणसाला पुन्हा कधी बसवत नाहीत, हा नियम काकांनाही पाठ होता.

काका म्हणाले, मी फक्त माझं सांगतो. माझा साचा, माझी चूक. तुझं नाव कशाला घ्यायचं?

"ते विचारतील, पट्टी कशी अडली," ती म्हणाली. "तुम्हाला नाही येणार खोटं बोलता. तुम्हाला विनोदसुद्धा धड सांगता येत नाही." आणि मग, "तुम्ही तुमचं सांगा. मला विचारलं तर मी हो म्हणेन."

तिला विचारलं. काकांनी साहेबांना सगळं सांगितल्यावर चौकशी पुन्हा बसली, तिथे ती चाकाच्या खुर्चीत बसून गेली होती, कंबरेला पट्टा. समोर मोठ्या टेबलामागे मोठी माणसं. काका सांगतात की तिने एकही कारण पुढे केलं नाही. भीती वाटत होती म्हणून पाठ आवळली, जागा जाईल म्हणून पाठ दाबली, इतकंच. त्यातले एक साहेब स्वतः दोनदा वर जाऊन आलेले. ते खिडकीकडे बघत बसले होते. काकांना खात्री आहे की त्या साहेबांनीही कधीतरी कुठेतरी पाठ दाबली असणार, पण ते काही बोलले नाहीत, आणि काकांनीही त्यांच्या पाठीमागे हात घालून बघितलं नाही.

निकाल सरळ लागला. काकांना साच्यांच्या कामावरून काढून गोदामात बसवलं, आणि काही महिन्यांनी ते निवृत्त झाले. तपासणीची पद्धत बदलली. आता श्वास आत घेऊन, बाहेर सोडून, गप्पा मारताना, खोकताना, अशी पट्टी फिरवतात. त्याप्रमाणे पुढच्या तुकडीच्या खुर्च्या पुन्हा तपासल्या, तर एकीत पोकळी निघाली. घोरणाऱ्या कप्तानांची होती. ती नव्याने केली. बारकीच्या नावापुढे 'उड्डाणासाठी अपात्र' असं आलं, आणि त्यानंतर काही महिन्यांनी डॉक्टरांनी तिचा मणका अगदी ठणठणीत ठरवला.

ती तुकडी खाली उतरली तेव्हा आम्ही सगळे काकांच्या घरी टीव्हीसमोर होतो. बारकी आली होती. ती आता केंद्रात नव्या लोकांना शिकवते. मणका जुळला तरी तिला फार वेळ बसवत नाही, म्हणून ती कपाटाला टेकून उभी होती. काकांची स्वतःची एक खुर्ची आहे, त्यांनी कधीतरी उरलेल्या प्लास्टरवर स्वतः बसून तयार केलेली. तिच्यात दुसऱ्या कोणाला बसता येत नाही. काकू म्हणतात की त्या खुर्चीत बसलं की त्यांना यांच्यासारखं वाटायला लागतं, आणि एका घरात एक पुरे. तर त्या खुर्चीत काका बसायचे सोडून कडेवर टेकले होते.

छत्री उघडली. यान डुलत डुलत खाली आलं आणि जमिनीजवळ धुळीचा गोळा उठला. रॉकेटं पेटली होती, सगळी. तिघांना उचलून बाहेर आणून पांघरुणांत गुंडाळून बसवलं. कप्तान हसत होते, कोणीतरी त्यांच्या हातात सफरचंद दिलं. धक्का इतका हलका होता की जुनी पोकळी असती तरी त्यांना काही झालं नसतं, किंवा झालं असतं. सांगता येत नाही. ते कळायला कोणाचा तरी मणका मोडावा लागतो.

काकूंनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. बारकी पडद्यावरच्या तिघांतल्या त्या बाईकडे बघत होती, पूर्वी जी राखीव होती तिच्याकडे. मग ती स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेली आणि बराच वेळ पाणीच पीत राहिली.

आम्ही उठलो. मी दारात चपला घालत होतो तेव्हा ती बाहेर आली. काकांनी तिला विचारलं. मला वाटतं, हे विचारायचं त्यांनी फार दिवस थांबवून ठेवलं होतं.

"बारके, मी गप्प बसायला हवं होतं का गं?"

तिने नाही म्हणून टाकलं असतं तर बरं झालं असतं. कोणीही म्हणालं असतं. पण खरं बोलण्याची फार मोठी किंमत मोजलेली बाई आहे ती, आता खोटं कशाला बोलेल.

"रोज सकाळी उठलं की वाटतं, हो," ती म्हणाली. "वर बघते ना खिडकीतून. मग कामाला जाते, पोरं टबमध्ये पडलेली दिसतात. दुपारपर्यंत ते वाटणं जातं."

काकांनी मान हलवली. "माझं उलटं आहे. सकाळी बरं वाटतं, की केलं ते बरोबर केलं. दिवस उतरला की तुझी पाठ आठवते."

तिने कंबरेवर हात ठेवला.

"मग आपलं दुपारी जमेल," ती म्हणाली.

तेव्हापासून ती सुट्टीच्या दिवशी येते ती जेवणानंतर, ऊन खिडकीतून सरकून भिंतीवर गेलेलं असतं तेव्हा. काकू चहा ठेवतात. ती कपाटाला टेकून उभी राहते, काका खुर्चीच्या कडेवर टेकतात, आणि संध्याकाळ व्हायच्या आत ती निघते.